मागची काच

मेलबर्नहून आलेल्या त्या पत्राला मी अकरा महिने उत्तर दिले नाही. ते टेबलाच्या खणात होते. खण उघडावा लागू नये म्हणून चष्म्याचे घर, टाचण्या, गोंदाची बाटली असे सगळे सामान मी हळूहळू खिडकीत मांडले होते.

पत्र टेरेन्स क्लासेन नावाच्या गृहस्थांचे होते. त्यांचे वडील कोलंबोच्या पूर्वेला डोंगरात असलेल्या आमच्या बदुल्ल्यात रेल्वेचे इन्स्पेक्टर होते. बासष्ट साली, इतर बर्गर, म्हणजे युरोपीय वंशाच्या, कुटुंबांसारखे, घर, पियानो आणि गाडी विकून ते ऑस्ट्रेलियाला गेले. गाडी चोपन्न सालची करडी मॉरिस मायनर, नंबर ई.एन. ४०७१. टेरेन्स तेव्हा नऊ वर्षांचे होते. आता एकतीस वर्षांनी सुट्टीवर आलेल्या त्यांच्या बहिणीला बंडारवेलाच्या बाजारात तोच नंबर दिसला आणि तिने मालकिणीचा पत्ता लिहून घेतला.

‘हृदयाच्या दुखण्यामुळे मला विमानाने यायला डॉक्टर परवानगी देत नाहीत,’ त्यांनी लिहिले होते. ‘गाडी न बघताच घ्यावी लागेल. जुन्या गाड्यांच्या मंडळाच्या पत्रिकेत मी तुमचे लेख वाचतो. तुम्ही जाऊन बघाल का? ती बाबांचीच आहे का, आणि तुमच्या मते घ्यावी का, एवढेच कळवा. तुमचा शब्द मला पुरे आहे.’

शेवटच्या वाक्यापाशी मी अडलो. चौतीस वर्षे मी नगर ग्रंथालयात होतो. पुस्तक चांगले आहे का, असे कुणी विचारले की मी सांगे, ही दुसरी आवृत्ती आहे, पाने तीनशे बारा. गाड्यांचे माझे ज्ञानही तसेच, छापील. चालवायला शिकायला गेलो होतो एकदा. शिकवणारा दुसऱ्याच दिवशी, साहेबाला म्हणावे तशा आदराने म्हणाला, “महत्तया, तुम्ही मागे बसत जा.”

म्हणून मी जिनदास मिस्त्रीला बरोबर घेतले आणि त्याच्या व्हॅनमधून बंडारवेलाला गेलो.

गाडीच्या मालकीण सोमावती अक्का छपरीच्या दारातच उभ्या होत्या. त्यांचा नवरा जेमिस मोटारदुरुस्तीचे काम करायचा. तो जाऊन तीन वर्षे झाली होती. छपरीत, लीक भाजीच्या जुड्या आणि बटाट्याच्या पोत्यांशेजारी, ती करडी गाडी होती. पुढची काच दोन तुकड्यांची, मधे दांडी. मी वही उघडली. वहीत बेचाळीस प्रश्न होते.

“महत्तया, गाडी बघायला आलोय की तिला परीक्षेला बसवायला?” जिनदास म्हणाला.

“न बघता घेणाऱ्यासाठी बघायचंय. काही सुटायला नको.”

“अक्का, धूर पांढरा निघाला तर आम्ही चहा न पिता जाऊ हं.”

“आणि नाही निघाला तर?” अक्का म्हणाल्या.

“तर चहाबरोबर गूळ दोनदा.”

“गूळ खाणारे पुष्कळ येतात. मागच्या महिन्यात कोलंबोहून एक आला होता. लग्नाला गाड्या देतो म्हणे. त्यानं गाडीला हातही लावला नाही. नुसता नंबर बघितला.”

आमच्याकडे जुन्या इंग्रजी अक्षरांच्या नंबराला गाडीपेक्षा जास्त मान आहे. त्यापायी चांगल्या गाड्या मोडीत गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

गाडी सुरू झाली. धूर पांढरा नव्हता आणि निळाही नव्हता. जिनदासने तेलाचे झाकण उघडून आतल्या बाजूला बोट फिरवले, वास घेतला, दार एका बोटाने लोटून लावून दाखवले. मी माझे लोहचुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवू लागलो. पत्रा सडला की लोक तिथे पुट्टी भरून वर रंग मारतात, आणि तिथे चुंबक धरत नाही. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरचे मडगार्ड, छप्पर, सगळीकडे ते घट्ट चिकटत होते. चाळीस वर्षांच्या गाडीवर असे होत नाही. मी दुसऱ्यांदा फिरवले. माझेच काहीतरी चुकत असणार.

मग मी मागे गेलो आणि थांबलो.

मागची काच रुंद होती. पुढे दोन तुकड्यांची काच असलेल्या मायनरला मागे लहान, जेमतेम वीतभर उंच काच असते. रुंद काच छप्पन्न सालात आली आणि तेव्हाच पुढची काच सलग झाली. पुढून चोपन्न आणि मागून छप्पन्न, अशी गाडी माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती.

“पोतं आहे का एखादं?” मी विचारले.

“कशाला?” जिनदास म्हणाला.

“खाली जाऊन बघतो.”

“तुम्ही?”

आयुष्यात पहिल्यांदा मी गाडीखाली शिरलो. बॅटरीच्या उजेडात पुढच्या बैठकींच्या खाली, या बाजूपासून त्या बाजूपर्यंत, बोटभर रुंदीची एक पट्टी दिसली. तिच्या पुढे पत्र्याच्या सांध्यांत जुना करडा रंग उरला होता आणि तिच्या मागे हिरवा. दोन गाड्या होत्या. एकीचा पुढचा भाग, दुसरीचा मागचा. जोडाचे टाके मी बोटाने चाचपले. चांगल्या शिंप्याच्या हातचे वाटावेत इतके ते सारखे होते.

बाहेर आलो तेव्हा चहा आला होता. विचारावे असे फार वाटले. पण अक्का समोर बसून आमच्याकडे बघत होत्या आणि मला वाटले, विधवा बाई आहे, हिला तोंडावर लबाड कसे म्हणावे? मी चहा प्यायलो. गूळ दुसऱ्यांदा घेतला नाही.

परतीच्या वाटेवर मी जिनदासला सांगितले. त्याने व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली.

“काहीतरीच. मी छपराच्या चारही खांबांवरून बोट फिरवलं होतं.”

“छपरावरचा जोड मलाही सापडला नाही. पण काच बघा की.”

त्याने इंजिन बंद केले. “मला आजवर असं कुणी गंडवलं नव्हतं,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, मत्सरच जास्त होता. “मग? काय लिहिणार?”

“तेच कळत नाही.”

“ते तुमचं काम आहे, महत्तया. मी नुसत्या गाड्या बघतो.”

मी चार मसुदे केले. खरे लिहिले तर क्लासेन गाडी घेणार नाहीत आणि अक्कांचे गिऱ्हाईक जाईल. लपवले तर हृदयाचे दुखणे असलेला माणूस बापाची म्हणून अर्धी गाडी समुद्रापार नेईल. शिवाय मला तरी काय खात्री? पुस्तकात नसलेली एखादी गाडी कारखान्यातून निघाली नसेल कशावरून? नाताळात त्यांचे कार्ड आले. खाली पेनाने एकच ओळ होती: ‘ती अजून तिथे आहे का?’ तेही मी खणात टाकले.

मग परवा दुपारी सोमावती अक्का दारात उभ्या राहिल्या. हातात पेअरची पिशवी.

“सेनाधीर महत्तया, वाट बघून बघून मीच आले. साहेबांनी काय कळवलं?”

मी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिले. पंखा लावला.

“मी लिहिलंच नाही,” मी म्हटले.

“अजून नाही? तो लग्नाच्या गाड्यांवाला गुरुवारी येतोय परत. नंबर काढून दुसऱ्या गाडीला लावणार, आणि आमची तोडून सुटे भाग विकणार. तोंडावर सांगतो मेला, लाजतसुद्धा नाही. मी म्हटलं, मेलबर्नच्या साहेबांचं आधी कळू दे. अकरा महिने मी त्याला तेच सांगतेय.”

“अक्का, ते... गाडीखाली मी एक जोड बघितला.”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. तुमचे पाय हलायचे थांबले. म्हटलं, सापडलं यांना. आता बाहेर येऊन विचारतील. काय काय सांगायचं ते मनात जुळवलं मी. आणि तुम्ही आलात, चहा प्यायलात, चालायला लागलात!”

“तुम्हाला वाईट वाटेल असं वाटलं.”

“कशाचं वाईट?” त्या खरोखरच गोंधळल्या होत्या.

मग त्यांनी सांगितले. अठ्ठ्याहत्तरच्या वादळात चहामळ्याच्या डॉक्टरांच्या या गाडीवर टर्पेंटाइनचे झाड पडले. मागचा भाग पापडासारखा झाला. डॉक्टरांनी ती जेमिसला देऊन टाकली. त्याच वर्षी एल्लाच्या वळणावर एक हिरवी मायनर तोंडाने खडकावर गेली होती. तिचा मागचा भाग शाबूत होता. जेमिसने चार महिने, दुसऱ्यांची कामे संपली की, या दोघींना जोडले. पुट्टी वापरायची नाही असा त्याचा हट्ट होता. पत्र्याला पत्राच लावला.

“कोण कोण येऊन बसून गेलं त्या गाडीत,” अक्का म्हणाल्या. “मोठमोठे मिस्त्री. एकालाही कळलं नाही. मी म्हणायची, अहो, सांगा की कुणाला तरी! तर म्हणायचे, सांगितलं तर ते जोडच बघत बसतील. मग मी म्हटलं, निदान मागची काच तरी लहान बसवा, नाहीतर कुणी म्हणेल फसवलं. एका आठवड्याचं काम होतं त्यांना. म्हणाले, नको. काच हिरवीची आहे, तिला राहू दे. ज्याला कळतं त्याला कळेल.”

त्या थांबल्या. “पंधरा वर्षांत तुम्हाला कळलं. तुम्ही एकटे.”

मी पंख्याचा वेग उगाच वाढवला. माझ्याबद्दल असे कुणी कधी म्हटले नव्हते.

“पण अक्का, खरं लिहिलं तर ते घेणार नाहीत कदाचित.”

“नाही घेतली तर नाही. पण मला खरं काय ते लिहिलेलं हवंय. त्या गुरुवारवाल्याला मी नाही म्हणून सांगते.”

“आणि हे साहेबही नको म्हणाले तर?”

“तर छपरीत आहेच की. तुम्ही लिहा. मी बसते.”

मी खण उघडला. कागद घेतला. त्या समोर पेअर सोलत बसल्या. मी लिहिले, की तुमच्या वडिलांनी धरलेले चाक, ते बसत ती बैठक आणि तुम्ही ज्यातून रस्ता बघितला ती दोन तुकड्यांची काच शाबूत आहे. पुढच्या बैठकीच्या मागचे सगळे दुसऱ्या गाडीचे आहे. जोड कुठे आहे आणि तो कसा शोधायचा तेही लिहिले. नंतर पेन थांबले.

“काय झालं?” अक्का म्हणाल्या.

“घ्यावी की नाही, ते माझं मत विचारलंय त्यांनी.”

“मग सांगा.”

‘माझ्या मते घ्यावी,’ मी लिहिले. ‘हिच्याहून चांगली मायनर मी पाहिलेली नाही.’ मी पुस्तकांतल्या सोडून फार पाहिलेल्या नाहीत, हेही लिहायला हात पुढे झाला होता. मी तो मागे घेतला.

“मिस्त्रींचं पूर्ण नाव काय होतं?”

“वीरसिंघगे जेमिस.”

ते लिहून मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. “कुठं आहे?” त्यांनी विचारले. मी दाखवले. हात पदराला पुसून त्यांनी त्या शब्दांखाली बोट ठेवले आणि काही वेळ तसेच ठेवले.

अक्का पोस्टापर्यंत बरोबर आल्या आणि दारातल्या पेटीत मी पत्र टाकले. “चला, माझी बस आहे,” म्हणून त्या निघून गेल्या. पेटी साडेचारला उघडतात. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. मी तिथेच उभा राहिलो. शिपाई आला, त्याने कुलूप काढले आणि सगळी पत्रे पोत्यात ओतली. त्यातले माझे कोणते ते मला ओळखू आले नाही.