घरजावयाच्या अकरा ओळी

पूर-अंदाज विभागातल्या मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर होता. दिसायला नुसतं एक कार्ड. फूटपट्टीएवढं लांब, विटेसारखं जड आणि तापायला एक नंबर. पण त्याला स्वतःचे साठ प्रोसेसर होते, स्वतःची मेमरी होती आणि नदीच्या पाण्याचं सगळं गणित तेच करायचं. कागदोपत्री त्याचं नाव सहप्रोसेसर. विभागात मात्र सगळे त्याला घरजावई म्हणत. राहायचं सासऱ्याच्या घरात, वीज सासऱ्याची, पंखा सासऱ्याचा, आणि बाहेरच्या जगाशी बोलायचं तर तेही सासऱ्याच्याच नावानं. स्वतःचं असं बाहेरचं दार त्याला नव्हतंच.

दार तर रोज हवं असायचं. नदीकाठच्या चाळीस केंद्रांवरचे पाण्याच्या पातळीचे आकडे त्याचा प्रोग्राम इंटरनेटवरून स्वतःच आणायचा. दुसऱ्या कुणी हातात आणून दिलेले चालत नसत. ज्यानं प्रोग्राम लिहिला तो तसं लिहून ठेवून नोकरी सोडून गेला होता, आणि त्याच्या कामात हात घालायची कुणाची छाती नव्हती.

त्यात आणखी एक खोड होती. सलग चालवलं की यंत्र अडखळायचं, म्हणून रोज पहाटे साडेपाचला ते आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. सुरू झालं की घरजावई कालचं सगळं विसरलेला. बाहेर जायचं कुठून, केंद्रांचे पत्ते विचारायचे कुणाला, काही म्हणून आठवायचं नाही. मग साडेसहाला हे यंत्र सांभाळणाऱ्या ताई येत, पर्स खुंटीला लावत, निळी वही उघडत आणि अकरा ओळी टाइप करत. काही सासऱ्याला सांगायच्या: दार उघड, याची पत्रं तुझ्या नावानं पाठव, उत्तर आलं की ज्याचं त्याला नेऊन दे. काही जावयाला: तुझा रस्ता सासऱ्याच्या अंगणातून. साडेसातला अंदाज बाहेर पडायचा आणि ताई चहा प्यायच्या.

असं तीन वर्षं चाललं होतं. रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सुरुवातीलाच एकदा तर अंगात ताप असताना. त्या दिवशी ताईंनी फोनवरून अक्षर न् अक्षर सांगितलं आणि विभागाच्या साहेबांनी दोन बोटांनी टाइप केलं. तरी अंदाज पावणेनऊला निघाला. तेव्हापासून साहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "ताई आहेत म्हणून आमचं चाललंय बरं का." ताई मान खाली घालून वहीची पानं चाळत. ऐकायला मात्र कान टवकारलेले असत.

सोमवारी दुपारी आईचा फोन आला. आई दादाकडे राहायची, रेल्वेनं नऊ तासांवर.

"गुरुवारी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे," आई म्हणाली. "पहिला डोळा तुझ्याविना झाला. आता हा. तिसरा डोळा काही देवानं मला दिलेला नाही, तेव्हा काय ते बघ."

"आई, अगं इथलं मशीन..."

"ते मशीन मी मेल्यावर तरी तुला सोडणार आहे का? त्या तुझ्या साहेबाला म्हणावं, तुझ्या आईला विचार एकदा."

ताईंनी फोन ठेवला. त्या तडक साहेबांच्या टेबलापाशी गेल्या आणि दहा दिवसांची रजा मागितली.

साहेबांनी चष्मा काढला. "रजेला माझी ना नाही हो. पण सकाळचं काय? उद्या नदी चढली आणि आपला अंदाज नसला, तर खालच्या गावांना काय सांगू?"

"उद्या दुपारपर्यंत ते आपोआप होईल असं करते. झालं तर जाऊ?"

"झालं तर जरूर जा. पण हात मांडीवर ठेवून."

हा विभागाचा जुना नियम होता. कुठलंही काम झालं असं नुसतं म्हणायचं नाही. करणाऱ्यानं खुर्चीत दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचं, साहेबांनी सगळ्यांसमोर प्लग काढायचा, दहा आकडे मोजून परत घालायचा. यंत्र बोट न लावता कामाला लागलं तर काम झालं, नाहीतर नाही. भल्याभल्यांची त्या खुर्चीत फजिती झाली होती.

मंगळवारी सकाळी अंदाज बाहेर पडल्यावर ताईंनी कपाटातून कार्डाबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक काढलं. त्यांची आजवरची समजूत अशी, की घरजावयाला काही लक्षात ठेवता येत नाही, तर त्याला रोज शिकवणं आलंच. सुरुवातीला त्यांनी त्याच्या आत फाइल लिहून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी ती गायब. कारण कार्डाला डिस्कच नव्हती. जे काही लिहाल ते मेमरीत, आणि वीज गेली की पाटी कोरी.

सातव्या प्रकरणात उत्तर होतं. कार्ड सुरू होताना आपलं सगळं सामान मोठ्या कॉम्प्युटरवरच्या एका फोल्डरमधून उचलतं. रस्त्याच्या ओळी त्या फोल्डरमध्ये ठेवल्या, की रोज सकाळी तो त्या घेऊनच जागा होतो. जावयाला पाठ करायला लावायचं कारणच नाही. सासऱ्यानं डबा भरून ठेवायचा, बस्स.

त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघ होती. समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "करून बघणे". अक्षर ताईंचंच होतं आणि पुढे तारीख होती, तीन वर्षांपूर्वीची.

ताई कितीतरी वेळ त्या तारखेकडे बघत राहिल्या. आपण विसरलो, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते काही पटेना. त्यांनी ते वाचलं त्याच आठवड्यात साहेबांनी पहिल्यांदा "ताई आहेत म्हणून" असं म्हटलं होतं, आणि पुस्तक कपाटात गेलं होतं. लाज वाटली त्यांना. चांगलीच वाटली. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागल्या.

दुपारी तीनला सगळे जमले. ताई हात मांडीवर ठेवून बसल्या. साहेबांनी प्लग काढला, मोठ्यानं दहा आकडे मोजले, प्लग घातला. पंखे घोंघावले. पडद्यावर घरजावई जागा झाला, रस्ता त्याला आठवत होता, पत्ते कुणाला विचारायचे तेही आठवत होतं. त्यानं पहिल्या केंद्राला हाक मारली. उत्तर नाही. दुसऱ्याला मारली. उत्तर नाही.

"जावई तयार होऊन उंबऱ्यापर्यंत आला," नकाशे काढणारे काका म्हणाले, "पण सासऱ्यानं कडी लावलेली दिसतेय!"

सगळे हसले. ताई हसल्या नाहीत, कारण काकांनी थट्टेत बरोबर तेच सांगितलं होतं. जावयाच्या ओळी त्यांनी फोल्डरमध्ये ठेवल्या होत्या, पण सासऱ्याच्या ओळी सवयीनं नेहमीसारख्या हातानंच टाइप केल्या होत्या. प्लग काढल्यावर त्याही पुसल्या गेल्या. तीन वर्षं बोटांना जे वळण लागलं होतं, त्यानंच घात केला.

"साहेब, अर्धा तास द्या."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाचला मी निघतो. त्याआधी काय ते करा."

दार उघडं ठेवायची ओळ त्यांनी सासऱ्याच्या कायमच्या फाइलीत घातली. पत्रं आपल्या नावानं पाठवायचे नियमही जतन केले. मग निळ्या वहीतल्या अकराच्या अकरा ओळी एकेक करून तपासल्या: ही कुठे ठेवली, ही कुठे ठेवली. सव्वाचारला त्या पुन्हा खुर्चीत बसल्या. हात मांडीवर होते, पण बोटं आपली आपण हलत होती, म्हणून त्यांनी ती एकमेकांत गुंतवली.

प्लग निघाला. दहा आकडे. प्लग लागला.

या वेळी पहिल्या केंद्राचा आकडा आला. मग दुसऱ्याचा. मग धडाधड चाळीसही. कुणी बोट लावलं नव्हतं. काकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! आता तुम्ही महिनाभर गेलात तरी आमचं काही अडत नाही," साहेब म्हणाले. ते अगदी मनापासून बोलले होते. ताईंना ते सुईसारखं टोचलं, आणि टोचलं याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

बुधवारी त्या गाडीत बसल्या. साडेसातपर्यंत फोन हातातच होता. मग साहेबांचा संदेश आला: "अंदाज वेळेवर." गुरुवारी तेवढाच. शुक्रवारी तोही नाही.

गुरुवारचं ऑपरेशन नीट झालं. शनिवारी सकाळी आई खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. डोळ्यावरची पट्टी काढली होती, दर चार तासांनी थेंब घालायचे होते. दादा कामावर गेला होता. घरात दोघीच.

"सकाळपासून फोन नाही वाजला तुझा," आई म्हणाली. "मग तिथं आता कोण करतं ते?"

"आपोआप होतं."

"कधीपासून?"

"मंगळवारपासून. मी तसं करून ठेवलं."

"आधी होत नव्हतं होय?"

हो म्हणणं सोपं होतं. आईला यातलं काय कळणार होतं? ताईंनी थेंबांची बाटली हातात धरली होती, तिचं झाकण उघडलं, परत लावलं.

"होत होतं, आई. एका दिवसाचं काम होतं. मीच केलं नाही."

"पहिल्या डोळ्याच्या वेळीसुद्धा?"

"तेव्हासुद्धा." आता बोलूनच टाकायचं, म्हणून त्या पुढे म्हणाल्या, "माझ्यावाचून त्यांचं अडतंय, हे मला बरं वाटायचं."

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलला पंप मारत होतं, तो आवाज बराच वेळ येत राहिला.

"तीन वर्षं मी तुझ्या त्या साहेबाला शिव्या घालतेय," आई शेवटी म्हणाली. "रोज, न चुकता. उगाच खाल्ल्या बिचाऱ्यानं."

ताईंना हसू आलं आणि त्याच्याबरोबर डोळ्यांत पाणीही.

"आमच्या इथं तुझ्यावाचून अडलं नाही, असं वाटलं होय गं तुला?" आई म्हणाली, आणि डोळा उघडा ठेवून तिनं मान मागे टाकली. "घाल आता. दादाचा हात फार जड आहे."