पाठ केलेलं दुखणं

नवऱ्याच्या आजारपणात डॉ. मालतीबाईंनी दवाखाना बंद केला, आणि तो गेल्यावरही बरीच वर्षं उघडला नाही. डोकमर्डीच्या फ्लॅटमध्ये भिंतींशी बोलून बोलून कंटाळल्या, तेव्हा त्यांना पेशंटची आठवण आली. पण सिल्वासाच्या रुग्णालयाने सांगितलं, एवढा खंड पडलाय, आधी परीक्षा द्या, मग खुर्चीवर बसा. साठीला टेकलेल्या बाईने परीक्षा द्यायची म्हणे! तरी त्यांनी मुकाट्याने पुस्तकं उघडली. या वयात दुसरं करण्यासारखं तरी काय होतं?

या परीक्षेत पेशंट खोटा असतो. दुखणं पाठ करून येतो आणि विचारलं तेवढंच सांगतो. मालतीबाईंच्या वाट्याला आमलीची झुंबरबाई आली, एरवी धाग्याच्या कंपनीत कामाला जाणारी. परीक्षक डॉ. भगवंत कोपऱ्यात घड्याळ लावून बसले.

"छातीत जळजळतंय," झुंबरबाई म्हणाली.

मालतीबाईंनी घाम, धाप, मधुमेह सगळं ओळीने विचारलं. हात जुनाच, नाडीवर बरोबर पडला. आता ईसीजी काढायला सांगितला की सुटल्या असत्या. पण सवयीने त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?"

"कोणी नाही. कुलूप मीच लावते, मीच काढते. दुखलं तर हाक कुणाला मारू?"

हे नाटक आहे, हे मालतीबाई साफ विसरल्या. कागद बाजूला सारून त्यांनी झुंबरबाईचा हात हातात घेतला आणि तशाच बसून राहिल्या. घंटा वाजली, आणि ईसीजी राहूनच गेला.

"खरा पेशंट असता तर दगावला असता, मॅडम," भगवंत हळूच म्हणाले. "पुन्हा बसावं लागेल."

ते खोटं नव्हतं. मालतीबाईंनी पर्स उचलली.

बाहेर झुंबरबाई फोनवर घरच्या कुणाला तरी ओरडत होती, डाळ उतू जाईल म्हणून. मालतीबाईंना पाहून ओशाळली.

"तुम्ही खरं मानलं का? ते पाठ करायला दिलं होतं. मन्हा घरमा तर पाय ठेवाले जागा नही!" आता ती घरच्या बोलीवर आली होती. फोन पिशवीत टाकत म्हणाली, "तुमना घरमा कोन शे, डॉक्टरीणबाई?"

हे त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पर्समधली किल्ली चाचपली.

"तुम्ही आत सांगितलंत ना," मालतीबाई म्हणाल्या, "तेच."