दुकान वाढवा

शनिवारी सकाळी प्रज्ञा पोहे परतत होती, तेवढ्यात फोन वाजला आणि पडद्यावर थीहाचा चेहरा आला. पोहे करपले. करपू देत. गेल्या पावसाळ्यापासून ज्या माणसाच्या नावाने नुसत्या अफवा येत होत्या, तो समोर बसलेला. गाल खप्पड, डोकं भादरलेलं, पण तोच. व्हिडिओ दिल्लीच्या ब्रह्मी मित्रांनी पाठवला होता. ब्रह्मदेशाच्या सरकारी टीव्हीवर आदल्या संध्याकाळी दाखवलेला.

आधी तो त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला, समोर धरलेलं वाचून दाखवल्यासारखं. मग मान वर करून चक्क मराठीत म्हणाला, "भारतातल्या माझ्या मित्रांनो, मी बरा आहे. इथे मला नीट वागवतात. माझ्यासाठी जळगावात जे चाललंय, त्याची गरज नाही. ते दुकान आता वाढवा. बठ्ठं वाढवा. हात जोडतो."

खाली इंग्रजी पट्टी धावत होती: सगळं बंद करा, अशी तो विनंती करतो.

प्रज्ञा ओट्याला टेकून रडली. तो जिवंत आहे म्हणून आधी रडली आणि काय म्हणाला ते डोक्यात शिरल्यावर पुन्हा रडली.

थीहा हा तिच्या आईचा, भागाबाईचा, भाडेकरू. जळगावात एमएस्सी करायला आला आणि वरच्या खोलीत तीन वर्षं राहिला. पहिल्या वर्षी भाडेकरू होता, दुसऱ्या वर्षी घरचा झाला आणि तिसऱ्या वर्षी तर भागाबाई त्याच्यासाठी मुली बघायला लागली होती. त्याच्या देशात लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवलं, शेकडो लोक तुरुंगात कोंबले, तेव्हा त्या वरच्या खोलीतच 'ब्रह्मदेश लोकशाही मैत्री मंच, खान्देश' जन्मला. नाव मंचापेक्षा लांब होतं. थीहा, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारी प्रज्ञा, माइक-मांडववाला कादर आणि धुळ्याचे दीपक वकील, बस, एवढाच पसारा. कैद्यांची नावं गोळा करायची, फोटो लावून सभा घ्यायच्या, त्यांची चित्रफीत दिल्लीला आणि मिझोरामच्या सीमेवर बसलेल्या गटांना पाठवायची, तिथून ती जगभर. जळगावच्या लोकांना याचं काय पडलंय, असं कुणी विचारलं की प्रज्ञा म्हणायची, मतपेटी कुणाचीही फोडली तरी चोरी ती चोरीच.

मग वडील आजारी पडले म्हणून थीहा घरी गेला आणि विमानतळावरूनच उचलला गेला.

उद्या रविवारी संध्याकाळी त्याच्यासाठी मोठी सभा होती. एप्रिलच्या मध्यावर ब्रह्मी नववर्ष येतं, तेव्हा तिथलं सरकार काही कैदी सोडतं. ज्याचं नाव जगात गाजतं त्याला सोडण्याची, निदान त्याच्या अंगाला हात न लावण्याची शक्यता जास्त, असा दिल्लीकरांचा अनुभव. मैदान मिळालं होतं, पोलिसांची परवानगी होती. आंबेडकर जयंती तोंडावर असताना गावात एक भोंगा भाड्याने मिळायची मारामार, पण कादरने चार राखून ठेवले होते. आणि आता हा स्वतःच सांगतोय, बंद करा.

दीपक वकिलांचा धुळ्याहून फोन आला. त्यांनीही व्हिडिओ पाहिला होता.

"प्रज्ञा, माझं मन तुटतं सांगताना, पण उद्याचं रद्द कर. त्याने तोंडाने सांगितलंय."

"त्याच्याकडून वदवून घेतलंय, दीपकभाऊ."

"असेलच. मग आपण ऐकलं नाही तर भोगणार कोण? आपण इथे भाषणं करू आणि तिकडे त्याच्या पाठीवर वळ उठतील."

प्रज्ञाने कादरला कळवलं. तो बिचारा भोंगे टेम्पोतून उतरवून ठेवतो म्हणाला. धुळ्याची एसटी भरून येणारे, अमळनेरचे कॉलेजकुमार, जयंती मंडळाची ढोलपथकवाली पोरं, सगळ्यांना 'सभा रद्द' कळवायचं होतं. प्रज्ञाने तो निरोप लिहिला, खोडला, परत लिहिला. पाठवायला बोट उचलेना. संध्याकाळी पाठवू म्हणून तिने फोन पालथा टाकला.

त्यात दुकानही तिच्याच गळ्यात. भागाबाईचं घराच्या पुढच्या खोलीत किराण्याचं छोटं दुकान होतं आणि ती स्वतः बहिणीकडे अमळनेरला गेलेली, आज संध्याकाळी परतणार. तिला प्रज्ञाने व्हिडिओचं काही सांगितलं नव्हतं. एसटीत बसून ऊर बडवून घेतला असता तिने. प्रज्ञा दिवसभर गिऱ्हाईकाला साखर मागितली तर मीठ देत होती. ऊन असं की समोरच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. पाच-सहा वेळा तिने व्हिडिओ पुन्हा पाहिला आणि दर वेळी शेवटच्या वाक्याला तो डोळे किंचित मोठे करतो, असं तिला वाटलं. मग वाटलं, आपल्याला वाटून काय होतंय!

दिवेलागणीला भागाबाईचा फोन आला. मागे एसटीचा खडखडाट.

"प्रज्ञा, गाडी मोडी पडनी वं धरणगावजवय. माले उशीर व्हई. तू दुकान वाढव."

"हो," म्हणून प्रज्ञाने शटरला हात घातला आणि शटर अर्ध्यात राहिलं.

दुकान वाढव. फोनवरून. गावाला गेलेल्या भागाबाईने.

आता आपल्याकडे दुकान 'बंद' करत नाहीत, 'वाढवतात', हे आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतं. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडीसुद्धा फुटत नाही, वाढते. भागाबाई बावीस प्रतिज्ञा पाळणारी, शकुन-अपशकुन काही मानायची नाही, पण दुकानाला कुणी 'बंद' म्हटलं की तिच्या अंगावर काटा उभा राहायचा. हे त्या परक्या मुलाला कसं ठाऊक असणार? तो आला त्याच वर्षी भागाबाई लग्नाला चोपड्याला गेली होती, दुकान त्याच्यावर सोपवून. संध्याकाळी तिने फोन केला, "बेटा, अंधार पडना. दुकान वाढव."

आणि थीहाने दुकान वाढवलं!

खाटा काढल्या, बाकडी मांडली, दुकानातला माल गल्लीभर पसरला. कादरकडून दोन हॅलोजन आणि एक भोंगा आणला. शेंगदाणे, पापड, अगरबत्त्या, जुनी पडून राहिलेली राखीसुद्धा विकली. भागाबाई रिक्षातून उतरली तर दारात ही जत्रा.

"हाई काय करं रे बाप?" ती ओरडली.

थीहा घामाने निथळत, अभिमानाने फुलून म्हणाला, "अक्का, तुम्हीच म्हणालात ना? दुकान वाढवलं. बठ्ठं वाढवलं!"

गल्ली पोट धरधरून हसली. पण खरी गंमत पुढेच. चूक कळल्यावर थीहा असा शरमला की त्याने पुन्हा 'वाढवणे' हा शब्द बंद करण्यासाठी तोंडातून काढलाच नाही. रोज शटर ओढताना म्हणायचा, "अक्का, बंद करतो." रोज भागाबाई खेकसायची, "बंद म्हनानं नही! वाढवतो म्हन." आणि रोज तो मान हलवून म्हणायचा, "नको अक्का. माझ्या तोंडी वाढव म्हणजे वाढवच."

प्रज्ञा तशीच, अर्ध्या शटरखालून वाकून, अनवाणी कादरच्या गोडाऊनकडे पळत सुटली.

"कादरभाई! भोंगे चढवा परत!"

कादर चहा पीत होता. त्याने ऐकलं, व्हिडिओ पाहिला, आणि 'बठ्ठं वाढवा' आल्याबरोबर कप खाली ठेवून स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! ताई, ते हॅलोजन माझेच होते ना! मी स्वतः खांबावर चढलो होतो. आणि सकाळपासून गाढवासारखा बसलोय!"

गाढव बठ्ठेच होते. हीच तर मेख. तिथे सरकारने शब्द तपासायला कुणीतरी बसवला असणार, एखादा जुना गुजराती-हिंदी जाणणारा. आणि हिंदीतही दुकान 'बढाना' म्हणजे बंद करणंच, तेव्हा तो अर्थ त्याला चोख ठाऊक असणार. त्याने बिनघोर मान डोलावली. आणि जळगावचे अस्सल मराठी लोकही त्याच अर्थाला फसले. आपली भाषा आपल्याला जरा जास्तच येत होती.

कादर एक भोंगा खांद्यावर घेऊन तिच्यासोबत दुकानापाशी आला आणि तिथूनच तिने धुळ्याला फोन लावला. पण दीपक वकील म्हणजे वकील. प्रज्ञाचं धापा टाकत सांगणं त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आणि तुझा अर्थ चुकला तर? नंतर शिकला असेल तो बरोबर वापरायला. एका शब्दावर माणसाचा जीव लावायचा?"

खरंच होतं. चुकलं तर ते खप्पड गाल प्रज्ञाला आयुष्यभर विसरता येणार नव्हते. तेवढ्यात रिक्षा थांबली आणि भागाबाई पिशव्यांसकट उतरली. दुकानाचं शटर अर्धवट, लेक अनवाणी, कादर भोंगा खांद्यावर घेऊन उभा. "काय व्हयनं? कोन मरनं?" तिने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. प्रज्ञाने तिला बाकड्यावर बसवलं आणि फोन हातात दिला. भागाबाई पाहत राहिली. "कितला वायी गया माना पोऱ्या," त्याच्या वाळलेल्या गालांवर बोट ठेवून एवढंच म्हणाली आणि पदराने पडदा पुसला, जणू त्याचा चेहराच पुसतेय. व्हिडिओ संपला. दीपक वकील अजून फोनवर होतेच. प्रज्ञाने आवाज मोठा केला.

"अक्का, नीट आठवून सांगा," ते म्हणाले. "ते चोपड्याचं लग्न सोडून द्या. त्यानंतर हा मुलगा शटर ओढताना कधी, एकदा तरी, 'वाढवतो' म्हणाला का?"

"एक डाव बी नही," भागाबाई ताडकन म्हणाली. "तीन वरीस मी घसा फोडा. बंद, बंद, बंद! मेला हट्टी. त्याले बंदच म्हननं व्हतं तर बंद म्हनता. त्याले कोनी धरं व्हतं का?"

पलीकडे वकील खाकरले. "साक्ष पटली. धुळ्याची एक नाही, दोन गाड्या आणतो."

प्रज्ञाने 'सभा रद्द'चा निरोप पुसला आणि त्या जागी दोनच शब्द लिहून सगळ्यांना पाठवले: दुकान वाढवा.

आणि काय वाढलं म्हणता! रविवारी संध्याकाळी मैदानाच्या भिंतीवर माणसं बसली होती. कादरने चाराचे नऊ भोंगे केले होते, कुठून ते त्याने आजवर सांगितलेलं नाही. जयंती मंडळाच्या पोरांनी ढोल आणले, मोहल्ल्यातल्या बाया सरबताचे हंडे घेऊन आल्या, धुळेकर घोषणा देतच गाडीतून उतरले. लोकांना किस्सा कळला होता, त्यामुळे घोषणा आपोआप तयार झाली. एका बाजूने कुणी ओरडायचं, "दुकान?" आणि मैदान उत्तर द्यायचं, "वाढवा!" व्यासपीठावर बोलायची पाळी आली तेव्हा प्रज्ञाच्या डोक्यातला, चुकलो असू तर, हा किडा मेला नव्हता. पण समोरून थीहाच्या नावाचा गजर उठला आणि तिला वाटलं, हा आवाज थेट भिंती फोडून जाणार. ती इतकी आनंदली की तयार केलेलं भाषण विसरली आणि तुरुंगातल्या माणसांची नावं एकेक करून वाचत सुटली. प्रत्येक नावाला ढोल वाजला. चित्रफीत त्याच संध्याकाळी दिल्लीला गेली.

पुढचे दिवस जीव टांगणीला लागला. जयंती आली, मिरवणूक झाली, भागाबाईने पुरणपोळ्या केल्या आणि एक ताट झाकून ठेवलं. प्रज्ञा दर तासाला फोन बघायची आणि काही नसलं की आईवर चिडायची.

ब्रह्मी नववर्ष लागलं त्याच संध्याकाळी भागाबाई गिऱ्हाईकाला गूळ मोजून देत होती. फोन वाजला. अनोळखी, भलामोठा नंबर. तिने प्रज्ञाला हाक मारली, पण घंटी वाजतच राहिली म्हणून स्वतःच उचलला.

तो सुटला तो जळगावच्या मैदानामुळे, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. कादर सांगतो, पण तो भोंग्यांचा मालक आहे. त्या वेळी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. फोनमध्ये नुसती खरखर होती, तिथे नववर्षाला एकमेकांवर उडवतात त्या पाण्याचा आणि माणसांचा गलका होता, आणि त्यातून एक बसलेला, ओळखीचा आवाज आला.

"अक्का? दुकान बंद केलं का?"

"बंद म्हनानं नही!" भागाबाई सवयीने खेकसली, आणि मग गूळ तसाच टाकून, फोन कानाला धरून, प्रज्ञाकडे आत धावली.