घरामागची मोकळी पट्टी

रंभाबाईनं ओल्या गाऱ्यावर वीट ठेवली अन् थापीच्या मुठीनं ठोकून बसवली. सायकलले टेकून उभे असलेले ओवरसियर साहेब पुन्हा म्हणाले,

"बाई, हात थांबवा. घराच्या पाठीमागं दहा फूट मोकळं सोडावंच लागते. नकाशा तसाच पास झाला आहे."

"प्लॉट माहा, विटा माह्या. मंग हे दहा फूट कोणाचे गा?"

"तुमचेच. पण त्याच्यावर बांधता येत नाही."

"हे बरं हाय! ताट माहं, अन् जेवू नको म्हणता."

भिंत छातीले आली होती. ही खोली हातमागासाठी होती. रंभाबाई अन् तिचा नवरा मारोतराव, दोघंही विणकर. जुन्या वस्तीत एकाच खोलीत जमीन खणून माग बसवलेला, त्याच्याच बाजूले चूल अन् अंथरूण. मोठा जावई पहिल्यांदा घरी आला तं सरळ मागाच्या खड्ड्यातच उतरला. मारोतरावाले ते लय लागलं. नव्या ले-आउटात घर बांधाचं ठरलं तसं ते म्हणाले, समोर बैठक पाहिजे, शहाबादी फरशीची. पाव्हणा खुर्चीवर बसला पाहिजे, खड्ड्यात नाही. म्हणून माग घराच्या पाठीमागं चालला होता.

"हातमाग घरात ठेवाले मनाई नाही," साहेब म्हणाले. "पण ही खोली पाडावी लागेल. सोमवारी माणसं घेऊन येतो."

"या. चहा पिऊन जाजा."

साहेब गेले. रंभाबाईनं पुढची वीट उचलली. एकदा वरते टिनं चढली का कोण पाडते ते पाहातो, असं ती विटेलेच सांगून राहिली होती.

बाजूच्या घरची भागीरथा हे सारं पाहत होती. संध्याकाळी तिनंही आपल्या पाठीमागच्या जागेत रांधणीसाठी पाया खणला.

"तुमी बांधून राहिल्या, तं म्या काहून मागं राहावं?"

"खण वं," रंभाबाई म्हणाली. "सारेच बांधू, तं साहेब कोणाकोणाचं पाडीन?"

दुसऱ्या दिवशी नवऱ्या-बायकोनं सूत अन् खळीची बादली घेतली अन् जुन्या वस्तीत गेले. मागावर चढवाच्या आधी सुताचा ताणा लांबच लांब ताणून त्याले कुंच्यानं खळ लावावी लागते. बिनखळीचं सूत मागावर टिकतच नाही, तुटते. आजवर सारे विणकर हे काम गल्लीतच करत. पण गल्लीवर आता डांबर पडलं होतं. ताणा अर्धा बांधून झाला अन् भोंगा वाजवत ट्रक आला.

"बाजूले घ्या ना, काका! रस्ता आहे का तुमचं अंगण?"

मारोतराव दोरी सोडेपर्यंत ट्रकनं ताणा ओढून नेला. तुटलेलं सूत गोळा करून दोघं घरी आले. खळ लावाले जागा नाही, तं माग कुठंही ठेवला तरी रिकामाच.

रंभाबाई टिनाचं माप घ्याले भिंतीवर चढली. पट्टी हातातच राहिली. ले-आउटात अजून कोणाचंच कुंपण उठलं नव्हतं. एका घरामागचं मोकळं दुसऱ्या घरामागच्या मोकळ्याले लागलेलं. तिकडून टोकाच्या मार्तंड मास्तराच्या घरापर्यंत, एका दोरीत, सरळ. ना ट्रक, ना डांबर. मधात फक्त भागीरथेचा पाया, अन् ती उभी होती ते भिंत.

ती बराच वेळ खाली उतरली नाही. मंग उतरली अन् सब्बल घेऊन आली. पहिली वीट पडली तसे मारोतराव धावत आले.

"अवं, काय करून राहिली? मंग माग?"

"बैठकीत."

मारोतराव विटांच्या ढिगावर बसले. म्हणाले, "अन् जावई?"

"जावई आता पाहून पाय टाकते."

भागीरथा तं भांडालेच उठली. "काल म्हणे खण, आज म्हणे बुजव! येड लागलं का, रंभाबाई?"

"काल चुकली मी. बुजव. अन् कुंपण घालशीन तं मधात ताणा जाईन असं फाटक ठेव."

"माही रांधणी कुठं करू? तुमच्या डोक्यावर?"

"साहेब सोमवारी येऊनच राहिला. त्याच्या माणसाईनं बुजवण्यापेक्षा आपण बुजवू."

रंभाबाईनं फावडं घेतलं अन् माती लोटाले लागली. भागीरथेनं तिले पोटभर बोल लावले. बोलता बोलता घरातून आपलंही फावडं आणलं. तोंड मात्र पाया भरेपर्यंत थांबलं नाही.

सोमवारी साहेब घण-कुदळीवाले चार मजूर घेऊन आले. पाडाले काहीच नव्हतं. पाच घरांच्या पाठीशी पांढरा ताणा कमरेइतका उंच ताणला होता. मारोतराव एका अंगानं कुंचा फिरवत होते, रंभाबाई दुसऱ्या अंगानं. भागीरथा खळीची बादली धरून उभी, अन् अजून पुटपुटूनच राहिली होती.

साहेबांनी नकाशा उघडला, पाहिला, घडी केला. त्याईले मार्तंड मास्तराच्या घराकडं जावं लागत होतं. मास्तरानं पाठीमागं संडास बांधला होता म्हणे. त्याईनं ताणा हातानं खाली दाबला अन् वरून जाले पाय उचलला.

"ओ साहेब!" रंभाबाईचा आवाज साऱ्या ले-आउटाले ऐकू गेला. "वरून नाही. खालून."

साहेब थांबले. मजुरांकडं पाहिलं. मंग टोपी काढून हातात घेतली अन् वाकले.