दार कोणी वाजवायचं?

चष्मेवाल्याच्या ताईने दार उघडणं जवळजवळ बंद केलं होतं. अगदीच उघडत नव्हती असं नाही. भाऊ भेटायला गेला की साखळी लावलेल्या फटीतून दोन शब्द बोलायची, त्याच्या हातातली भाजीची पिशवी त्याच फटीतून ओढून घ्यायची आणि "बरं, नीघ आता, छोट्या," म्हणून दार लावून टाकायची. छोट्याने साठी ओलांडली होती. बाजारात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, डोक्यावर केस नावाला उरले होते, घरात सून आली होती. पण ताईच्या दारात उभा राहिला की तो गृहपाठ न केलेला पोरगा व्हायचा.

ताईने आयुष्यभर नाटकांचे कपडे शिवले. जुन्या नाट्यगृहाच्या तळघरात तिचं शिवणयंत्र असायचं, आणि राजापासून हमालापर्यंत रंगमंचावर जो कोणी उभा राही त्याच्या अंगावर ताईचा टाका असे. नाट्यगृह पाडायला निघालं तेव्हा मालकांनी कपडे भंगारात द्यायचं ठरवलं. ताई टेम्पो घेऊन गेली आणि सगळेच्या सगळे कपडे घरी घेऊन आली. नवरा होता तोवर त्याने घरात निदान चालायपुरती वाट ठेवली होती. तो गेला आणि ती वाटही बुजली.

इमारतीतले लोक कुरकुरू लागले. जिन्यात कोंदट वास येतो, झुरळं झालीत, उद्या ठिणगी पडली तर सगळी इमारत पेटेल. चुकीचं काही बोलत नव्हते. इमारतीच्या सेक्रेटरीने मग तक्रारी केल्या, त्याही जिथे जिथे करता येतात तिथे. पोलीस ठाण्यातून हवालदार आला, त्याने दणादणा दार ठोकलं. अग्निशमन दलाने दारावर नोटीस चिकटवली. आरोग्य खात्याची माणसं तोंडाला मास्क बांधून फवारणीचे पंप घेऊन आली. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर, पण एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. आणि दर खेपेला ताईच्या दाराला आतून एक नवी कडी लागत गेली. शेवटी तर ती भाजीची पिशवीही "बाहेरच ठेव" म्हणू लागली.

चष्मेवाल्याचा जीव टांगणीला लागला. रस्त्यावरून बंबाचा भोंगा वाजत गेला की हातातली काच तो खाली ठेवायचा आणि भोंगा कुठल्या दिशेला वळतो ते ऐकत राहायचा. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरीही.

त्याच सुमारास नगरपालिकेने शहरभर फलक लावले. आदल्या वर्षी एक म्हातारे गृहस्थ घरात मरून पडले आणि कितीतरी दिवस कोणाला कळलंच नाही, ही गोष्ट शहराच्या जिव्हारी लागली होती. म्हणून आता सुरक्षिततेची आणि सुखाने राहण्याची योजना सगळ्यांनी मिळून करायची, खात्यांनी आणि लोकांनी एका टेबलाशी बसायचं, असं ठरलं होतं.

"जा की त्या बैठकीला," बायको म्हणाली.

"काय असतं तिथे? भाषणं आणि गार चहा."

"मग गार चहा पिऊन या. इथे बसून छताकडे बघण्यापेक्षा बरं."

बायकोपुढे त्याचं कधी चाललं नव्हतं, तेव्हा तो गेला.

वाचनालयाच्या मोठ्या खोलीत गोल टेबलं मांडली होती. योजनेचं काम बघणारी नगरपालिकेतली बाई उंच, किडकिडीत आणि घसा बसलेली होती. लोक तिला योजनाबाईच म्हणायचे. तिने भाषण केलं नाही. "एकच प्रश्न आहे," ती म्हणाली. "तुम्हाला कोणाची काळजी वाटते? खांबावरच्या दिव्यांबद्दल पुढच्या वेळी बोलू. आज माणसांबद्दल बोला."

चष्मेवाल्याच्या टेबलाशी अग्निशमन दलाचे एक धिप्पाड अधिकारी बसले होते, ज्यांना सगळं शहर बंबवाले म्हणून ओळखायचं. शेजारी पोलीस ठाण्याच्या मॅडम, आरोग्य केंद्रातली सिस्टर आणि जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. चष्मेवाला घरून ठणकावून बोलायचं ठरवून आला होता. पण पाळी आली तेव्हा त्याचा आवाजच चिरकला.

"मला माझ्या बहिणीची काळजी वाटते," तो म्हणाला. "आणि तुम्ही सगळे तिच्याकडे येऊन गेलाय. हात जोडतो, आता येऊ नका."

त्याने पत्ता सांगितला, हकिगत सांगितली.

"ती नोटीस आमची," बंबवाले हळूच म्हणाले.

"तो हवालदार आमचाच," पोलीस मॅडम म्हणाल्या.

"फवारणी आमची," सिस्टर म्हणाली. "पण तुम्ही आधी जाऊन आलात हे आम्हाला कोणी सांगितलं?"

"आणि तुम्ही जाणार हे आम्हाला कोणी सांगितलं?" बंबवाल्यांचा आवाज चढला. बघता बघता तिघांची चांगलीच जुंपली. चष्मेवाल्याला वाटलं, संपलं, आता ही मंडळी माझ्या ताईवरून हमरीतुमरीवर येणार आणि मी गार चहा पिऊन घरी जाणार.

योजनाबाई पाठीमागे येऊन उभी राहिली होती. "भांडा, पण नंतर भांडा," ती बसलेल्या आवाजात म्हणाली. "आधी एवढंच ठरवा, दार कोणी वाजवायचं? एकाच माणसाने. बाकीचे घरी."

तो प्रश्न ऐकल्यावर मात्र सगळे जरा शहाण्यासारखे बोलू लागले. गणवेशात कोणी जायचं नाही. हातात कागद न्यायचा नाही. ताईला आधी कळवायचं आणि ती नको म्हणाली तर परत फिरायचं. सिस्टरने जावं असं ठरलं. ती बोलायला मऊ होती. काही गरज पडलीच तर बंबवाल्यांनी साध्या कपड्यात खाली थांबावं. चष्मेवाल्याने दाराच्या फटीतून ताईला सांगितलं, तेव्हा ती "बघू" म्हणाली. ताईचं "बघू" म्हणजे नाही नव्हे, एवढं त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

ठरलेल्या दिवशी नेमकी सिस्टरला आरोग्य केंद्रातून निकडीची हाक आली. चष्मेवाला आणि बंबवाले इमारतीच्या फाटकाशी एकमेकांकडे बघत उभे राहिले.

"आज राहू द्या," चष्मेवाला म्हणाला.

"त्या वाट बघत असतील," बंबवाले म्हणाले. "येतो सांगून आलो नाही, तर पुन्हा कोण विश्वास ठेवील?" आणि ते जिना चढू लागले.

साधे कपडे म्हटल्यावर या गृहस्थांची पंचाईतच झाली होती. जन्मभर गणवेशात वावरलेला माणूस. कुठलासा कोट चढवून आला होता. चष्मेवाला दोन पायऱ्या मागे. बंबवाल्यांनी एका बोटाने दार वाजवलं. एवढ्या मोठ्या माणसाने एवढं हळू दार वाजवलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"कोण?"

"सिस्टरला अचानक जावं लागलं. मी... अग्निशमन दलातला."

चष्मेवाल्याने कपाळावर हात मारून घेतला. मग दाराच्या भिंगात अंधार आला. ताईने डोळा लावला होता.

"कोट कोणाचा आहे?" आतून आवाज आला.

"माझाच... म्हणजे, मेहुण्याचा."

"तरीच. बाह्या कोपरापर्यंत चढल्यात. मागे वळा बघू."

अग्निशमन दलाचे अधिकारी निमूटपणे जिन्यात मागे वळले.

"पाठीची शिवणही उसवलीये. असला कोट घालून लोकांच्या दारात जाता?"

मग एक कडी सरकली. मग दुसरी. मग साखळीचा आवाज. चष्मेवाला एकेक कडी मोजत राहिला.

"तूही ये, छोट्या," ताई म्हणाली. "चपला हातात घे, ठेवायला जागा नाही."

जागा खरंच नव्हती. भिंती दिसत नव्हत्या. छतापर्यंत मखमली अंगरखे, सैनिकांचे कोट, राण्यांचे घोळदार झगे, एकावर एक, एकात एक. पलंग कपड्यांखाली गडप झाला होता. ताई खुर्चीत झोपत असावी, कारण तिथेच उशी होती. तिचे पाय सुजले होते. इतके महिने चष्मेवाल्याने तिचा फक्त चेहरा पाहिला होता, तोही फटीएवढा.

"बसा तिथे," ताईने बंबवाल्यांना कुठल्याशा नाटकातलं सोनेरी सिंहासन दाखवलं. "दुसरं काही मोकळं नाही. कोट काढा."

बंबवाले सिंहासनावर बसले. ताईने सुई ओवली. आणि तेवढ्यात बंबवाल्यांनी नाक वर केलं, जसं फक्त आगीच्या धंद्यातला माणूस करतो.

"ताई, गॅसचा वास येतोय."

"मला कुठे वास येतात आता?"

"मी स्वयंपाकघरात जाऊ का?"

त्यांनी विचारलं, हे चष्मेवाल्याच्या लक्षात राहिलं. ताईने मानेनेच हो म्हटलं. शेगडीवर एक लांब झगा लोंबत होता आणि मागे गॅसची नळी चिरलेली होती. बंबवाल्यांनी आधी गॅस बंद केला, मग कपड्यांमागची खिडकी चाचपून शोधून उघडली, तेव्हा कुठे ते परत येऊन बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला माहीत आहे तुम्ही का आलात," ताई सुईवरून नजर न काढता म्हणाली. "हे सगळं पोत्यात भरून नेणार."

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच सांगतो. हे असंच राहिलं तर एक दिवस मला शिडी लावून खिडकीतून यावं लागेल. त्या दिवशी यातलं काही मला वाचवता येणार नाही. कदाचित तुम्हालाही नाही. म्हणून दारातून आलो."

ताई बराच वेळ शिवत राहिली. मग म्हणाली, "भीती मलाही वाटते हो. शेगडी पेटवताना हात थरथरतो. पण सांगणार कोणाला? जो येतो तो हुकूम घेऊन येतो."

"मला सांगायचंस ना ताई," चष्मेवाल्याला राहवलं नाही.

"तुला? तू आलास की तुझंच तोंड एवढंसं झालेलं. माझं दुःख बाजूला ठेवून तुझी समजूत घालावी लागायची. म्हणून दार लावत होते."

चष्मेवाला हातातल्या चपलांकडे बघत राहिला. बंबवाले सिंहासनावर अवघडून छताकडे बघत होते.

तिथून पुढे मात्र गाडं भराभर हललं. त्याच दिवशी नळी बदलली गेली. दुसऱ्या बैठकीत ताईच्या अटी चष्मेवाल्यानेच वाचून दाखवल्या: एकही कपडा पोत्यात जाणार नाही, सगळे टांगलेले राहतील आणि किल्ली तिच्याकडे राहील. टेबलाभोवती माना खाली गेल्या. एवढी जागा आणायची कुठून? तेव्हा आजवर फारशा न बोललेल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आमच्या शाळेत वरच्या मजल्यावर सुतारकामाची खोली होती. आता रिकामी आहे. कोरडी आहे, हवा येते. पण माझीही अट आहे. बाईंनी आमच्या मुलींना शिवण शिकवायला हवं."

ताई हा निरोप ऐकून म्हणाली, "शिकवीन. पण कापड वाया घालवलेलं मला खपत नाही, आधीच सांगून ठेव."

कपडे हलवायच्या दिवशी सगळा रस्ता बघायला आला. पोलिसांनी गाडी दिली होती, पण झगे चुरगळतील म्हणून ताईने निम्मे हातांवरूनच न्यायला लावले. पूर्वी दार ठोकून गेलेला हवालदार दोन्ही हातांवर राणीचा झगा घेऊन, नवरीला उचलल्यासारखा, रस्त्याच्या मधोमध चालला होता. तक्रारी करणारा सेक्रेटरी सेनापतीची टोपी डोक्यावर ठेवून निघाला, कारण हात भरले होते. ताई गॅलरीतून ओरडत होती, "बाही जमिनीला लागतेय! बाही!" संध्याकाळी घरात पलंग सापडला, भिंती सापडल्या, आणि कपड्यांखाली हरवलेला रेडिओ सापडला. सिस्टरने पाय तपासून औषधं लिहून दिली. बरं होण्यासारखं होतं, एवढं ऐकल्यावर चष्मेवाला गॅलरीत गेला आणि पाठमोरा होऊन जरा रडून घेतला.

वर्षाअखेरीस शहराची योजना मंजूर झाली. दर आठवड्याला सगळ्या खात्यांनी एका टेबलाशी बसायचं आणि कोणाच्याही घरी जाण्याआधी पहिल्यांदा कोण जाणार ते ठरवायचं, हे त्यात आलं. सगळंच काही सुटलं नव्हतं. अशी दारं शहरात आणखी होती, आणि एका घराने तर योजनाबाईलाच हाकलून दिलं होतं. पण आता निदान कोणाला हाकललं ते बाकीच्यांना कळत होतं.

मंजुरीच्या सभेला ताईही आली. योजनाबाईने सहज विचारलं, कोणाला काही सुचवायचं आहे का, आणि ताई उठली. म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडावं असं तुम्हाला वाटतं, ती म्हणाली, मग बसायला बाक कुठे आहेत? बाजारात नाहीत, वाचनालयाच्या वाटेवर नाहीत, शाळेपाशी नाहीत. बाक कसा असावा, पाठ किती टेकावी, सावली कुठल्या बाजूने यावी, ती बोलतच राहिली. चष्मेवाल्याने तिचा पदर ओढून पाहिला.

"ओढू नकोस, फाटेल," सगळ्या सभेसमोर तिने त्याला झापलं. सभा हसली. तोही हसला, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

परतताना दोघं हळूहळू चालत निघाली. मध्येच दम लागला म्हणून ताई एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकली. तोही शेजारी टेकला. समोरून शाळेतल्या दोघी मुली गेल्या, त्यांनी ताईला हात केला.

"उद्या येऊ नकोस हं, छोट्या," ताई म्हणाली. "मला वेळ नाही. मुलींना बाह्या लावायला शिकवायच्यात, आणि एकीनेही अजून सरळ टीप घातलेली नाही."

"बरं," तो म्हणाला.

"परवाही नको. परवा बंबवाल्यांची बायको यायचीये, तिला ब्लाउज शिवायचाय."

"मग येऊ तरी कधी?"

ताईने थोडा विचार केला. "कळवते," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्यावर हात टेकून उठली.