फक्त नरेंद्रच्याच पेशी

परदेशीपुऱ्यातल्या गिरिजाबाईंच्या घराला वीस दिवस आतून कडी होती. कापडाची मिल चालू होती त्या काळी गल्लीत दिवसा कडी लागायची ती कर्फ्यू असला तर, नाहीतर घरात भांडण झालं तर. आता ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून होती.

त्यांचा मुलगा नरेंद्र रंगाच्या कारखान्यात होता. दीड वर्षापूर्वी तिथे वायू सुटला आणि त्याची श्वासनलिका आतून भाजली. तेव्हापासून तो गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून श्वास घ्यायचा. आवाज गेलाच. जे सांगायचं ते मोबाइलवर लिहायचा.

तुकोगंजमधल्या दवाखान्यात डॉक्टर निशांत एका नव्या उपचाराची चाचणी घेत होते. नरेंद्रच्या नाकातून चिमूटभर पेशी काढून त्यांनी दूरच्या प्रयोगशाळेत पाठवल्या होत्या. तिथे जखम भरून येण्याचं बळ देणारं एक जनुक त्यांत घालून त्या वाढवल्या जात होत्या. मग त्या भाजलेल्या जागी सोडायच्या. रुजल्या तर आत नवं अस्तर धरेल, पुढेमागे नळी निघेल.

"बुधवारी पेटी येईल," डॉक्टर म्हणाले. "पेशी दोनच दिवस टिकतात. तोवर ताप नको, सर्दी नको. धूर नको, माणसं नकोत."

धूर नको याची गिरिजाबाईंनी खूणगाठ बांधली. माणसं नकोत हे कानांनी ऐकलं, मनाने घेतलं नाही. नवरा मिलमधल्या कापसाच्या धुळीने खोकून खोकून गेला, तेव्हा अख्खी गल्ली पाळीपाळीने उशाशी बसली होती. आजाऱ्याच्या घरी कोणी फिरकत नाही म्हणजे त्याला टाकलंय, असंच त्या लहानपणापासून समजत आल्या होत्या.

रविवारी शेजारचे नथूकाका दाराबाहेरून म्हणाले, "वहिनी, एवढं मोठं काम होतंय अन् परित्राण पाठ नाही? ऐसा कैसे चलेगा?"

"डॉक्टर नको म्हणतात, भाऊजी."

"पाच जण फक्त. अपने ही लोग तो हैं."

गिरिजाबाईंनी कडी काढली. उदबत्ती लावली नाही, मेणबत्तीसुद्धा बॅटरीवर चालणारी ठेवली. पाचाचे अकरा झाले. पांढरा दोरा बुद्धमूर्तीपासून सगळ्यांच्या हातांतून फिरला, संकटापासून राखणाऱ्या बुद्धवचनांचा पाठ झाला, आणि नथूकाकांनी तो नरेंद्रच्या मनगटाला अगदी जवळ वाकून बांधला. बांधता बांधता दोनदा शिंकले.

"मौसम बदल रहा है, भिया," म्हणत त्यांनी नाक पुसलं. नरेंद्र हसला. वीस दिवसांत पहिल्यांदा.

मंगळवारी दुपारी त्याला ताप चढला. नळीतून पिवळं येऊ लागलं.

बुधवारी दवाखान्यात पेटी वेळेवर आली. डॉक्टर निशांतनी नरेंद्रची छाती तपासली आणि पेटी न उघडताच बाजूला ठेवली.

"चार दिवसांनी सोडा की," गिरिजाबाई म्हणाल्या.

"चार दिवसांत त्या मरतील, आजी. अन् सुजलेल्या जागी आज सोडल्या तर आजच मरतील."

"मग परत वाढवा."

"चाचणीत एका माणसाला एकदाच."

"निदान दुसऱ्या कोणाला तरी..."

"त्या फक्त याच्याच आहेत. दुसऱ्याला चालत नाहीत."

कागदपत्रं बघणारी मंजिरी फॉर्म घेऊन आली. पेशी नष्ट करायला संमती हवी होती.

"एकदा बघू का गं त्यांना?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"काही दिसत नाही, काकूजी. पानी जैसा होता है." मग मान खाली घालून तिने विचारलं, "घरी कोणी आलं होतं? लिहावं लागतं."

नरेंद्रने सही केली आणि मोबाइल आईपुढे धरला. त्यावर लिहिलं होतं, नथूकाकांना कळू देऊ नकोस.

"अकरा जण," गिरिजाबाई म्हणाल्या. "मीच बोलावले."

दोघं घरी परतली तेव्हा नथूकाका गल्लीच्या तोंडाशीच उभे होते. "झालं का, वहिनी? सोडलं आत?"

गिरिजाबाईंनी मुलाकडे पाहिलं. "झालं."

"देखा! मी म्हणत नव्हतो? पाठ का असर है! आवाज कधी येणार आता?"

"येईल. हळूहळू."

दुसऱ्या दिवसापासून नथूकाका रोज सकाळी ओट्यावर येऊन बसतात. "बोल भिया, एकदा काका म्हण. कोशिश तो कर."

नरेंद्र ओठ हलवतो. नळीतून नुसती हवा येते.

"आलं, आलं, थोडं आलं!" नथूकाका गल्लीला ओरडून सांगतात, आणि गिरिजाबाई आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतात.