सावलीतली पांढरी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. पेटी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कुलूप येईल, कपडे येतील, फार तर आजीचे दागिने येतील. माझ्या पोटात त्यातलं काहीही नाही. माझ्या पोटात तापमापक आहेत, आणि मी हवामान केंद्राच्या अंगणात चार पायांवर, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर उभी आहे. हवेला ताप किती आहे हे सांगणं, एवढंच माझं काम होतं.

मला घडवणारा सुतार कामात वाघ होता, पण माझा नकाशा पाहून तो पोट धरून हसला. "अहो, ही पेटी म्हणायची की चाळण? चारही भिंतींना फटीच फटी!" मग त्याला समजावण्यात आलं की वारा माझ्या आरपार खेळला पाहिजे, पण उन्हाचा कवडसा आत शिरता कामा नये. तेव्हा त्याने माझ्या भिंतींना तिरक्या पट्ट्या बसवल्या, एकावर एक, जशा खिडकीच्या झडपांना असतात. अंगाला पांढराशुभ्र रंग दिला, म्हणजे ऊन पडेल ते परत जाईल. दार उत्तरेला ठेवलं, म्हणजे उघडल्यावर सूर्य डोकावणार नाही. माझ्यासारखी लाडाकोडाची पेटी त्याने पुन्हा कधी केली नसावी.

मग मी केंद्रात आले आणि पारेवाल्या काकांच्या हाती पडले. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कुणाला आठवायचं. पारा बघणारे, म्हणून पारेवाले काका. मित्रांनो, माझं दार उघडण्याची त्यांची एक रीत होती. आधी श्वास रोखायचा, कारण माणसाच्या उच्छ्वासानेही पारा चढतो. मग दार उघडून आधी अंशाचा बारीक भाग वाचायचा आणि मागून पूर्ण अंश, कारण बारीक भाग आधी बदलतो. वाचून झालं की दार लावून मगच श्वास सोडायचा. नवख्या माणसाला वाटे, काका देवघराचंच दार उघडताहेत.

दरवर्षी उन्हाळा लागायच्या आधी ते मला नवा रंग द्यायचे. केंद्राला लागूनच त्यांचं घर होतं. त्या घराच्या भिंतींचे पोपडे निघाले होते. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "घराला रंग द्यायला यांना सवड नाही, आणि माझ्या सवतीचा थाट बघा!" मला त्या सवत म्हणायच्या, पण वाऱ्या-वादळाच्या दिवशी माझे पाय हलले तर नाहीत ना, हे बघायला सगळ्यांत आधी त्याच यायच्या. असली प्रेमळ सवत सगळ्यांना मिळो.

त्यांच्या या प्रेमातूनच पुढचं सगळं घडलं.

काका भर उन्हात माझ्यापुढे उभे राहून घामाघूम होतात, हे काकूंना बघवेना. त्यांनी कुंपणाच्या कडेला, घराच्या बाजूने, एक रोप लावलं. "माणसालाही सावली होईल आणि त्या बिचारीलाही," त्या म्हणाल्या. काकांना नियम पाठ होता की माझ्या आसपास मोठं झाड नको, मोकळी जमीन हवी. पण रोप तेव्हा गुडघ्याएवढंही नव्हतं. एवढ्याशा पोराला घराबाहेर कोण काढणार? काका म्हणाले, "वाढलं तर बघू."

झाड वाढलं. त्याच्याबरोबर काकांची मुलगी चिंगीही वाढली. तिने त्या झाडाच्या फांदीला दोरी बांधून झोके घेतले, त्याच्या बुंध्याशी बसून पाढे पाठ केले, रुसली की ती त्याच झाडावर चढून बसायची. झाडाची एक फांदी हळूहळू माझ्या डोक्यावर आली. तपासणीला वरच्या कचेरीतून माणूस यायचा, तो येईनासा झाला. काका रोज माझ्याकडे यायचे, पण रोज बघितलेलं माणसाला दिसत नाही. आणि मला तोंड नव्हतं. खरं सांगू? सुख कुणाला नको असतं? दुपारी माझ्या छतावर पानांची सावली हलायची आणि मला बरं वाटायचं.

मात्र एक गोष्ट मला झाड लहान असल्यापासून कळत होती. माझ्या पोटातला एक तापमापक रात्रीची सर्वांत थंड हवा किती, ते धरून ठेवतो. ती थंडी वर्षागणिक कमी होत चालली होती. चिंगी हवामानाचं शास्त्र शिकायला परगावी गेली आणि सुटीत घरी येऊन काकूंना सांगू लागली, तेव्हा मला त्याचं कारण कळलं. ती म्हणाली, "आई, आपण कोळसा जाळतो, पेट्रोल-डिझेल जाळतो, त्याचा एक वायू हवेत जाऊन बसतो. दिसत नाही, वासही नाही. पण पृथ्वीवर पांघरूण घातल्यासारखं होतं. दिवसाची ऊब रात्री वर निघून जायला बघते आणि हे पांघरूण तिला अडवतं."

"सूर्यच जास्त तापत असेल," काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

"सूर्य तापला असता तर रात्रीपेक्षा दिवस जास्त तापले असते. जगभर रात्रीच दिवसांपेक्षा वेगानं गरम होताहेत. वर, खूप उंचावर, हवा उलट थंड होतेय. सूर्याचा उद्योग असता तर तीही तापली असती. हे आपलंच काम आहे, आई. आपल्या धुराड्यांचं."

काकूंनी गावाबाहेरच्या वीज केंद्राच्या धुराड्याकडे पाहिलं. ते आमच्या अंगणातून दिसतं. त्या दिवसापासून रिकाम्या खोलीतला दिवा कुणी चालू ठेवला की त्याची खैर नसे.

पुढे नगरपालिकेने एक चांगला नियम केला. दुपारी माझ्या पोटातला पारा चाळीस अंशांवर गेला की गावचा भोंगा वाजवायचा, आणि भोंगा वाजला की उघड्यावरची कामं ऊन उतरेपर्यंत बंद. मजुरी कापायची नाही. माझा केवढा मान वाढला म्हणून सांगू! गावातल्या साऱ्या रस्ता-कामगारांचा आणि गवंड्यांचा विसावा माझ्या एका आकड्यावर ठरू लागला. काका केंद्रातून फोन करून आकडा कळवायचे आणि छाती काढून चालायचे.

चिंगीचा मामा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, डांबरी रस्त्यांच्या टोळीचा मुकादम होता. उकळतं डांबर, तापलेली खडी आणि डोक्यावर सूर्य. त्यात गडी विनोदी. "ताई, तुझ्या सवतीला सांग, जरा लवकर चाळीस गाठ म्हणावं. आमचे पाय भाजून निघालेत," असं तो जाता येता म्हणायचा. आणि मी मात्र एकोणचाळीसवर अडून बसायचे.

एका दुपारी मी असंच एकोणचाळीस दाखवलं. भोंगा वाजला नाही. आणि रस्त्यावर मामा बोलता बोलता खाली कोसळला.

टोळीतल्या माणसांनी त्याच्यावर पाणी ओतलं, टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं. तो वाचला. पण डॉक्टरांनी काकूंना बजावलं की शरीर एकदा असं तापलं की पुन्हा लवकर तापतं. दुसऱ्यांदा असं झालं तर कुणाचं काही चालणार नाही. आणि मामा बरा होऊन पुन्हा त्याच रस्त्यावर जाणार होता. त्याला दुसरं काम येत नव्हतं, आणि उन्हाळा संपायला अजून अवकाश होता. नगरपालिकेचे साहेब हळहळले, पण म्हणाले, "पेटी एकोणचाळीस म्हणते. आम्ही तरी काय करणार?"

चिंगी सासरहून धावत घरी आली. मामाला बघून ती तडक माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि मान वर करून फांदीकडे बघत राहिली. मग वडिलांना म्हणाली, "बाबा, ही पेटी कमी दाखवतेय."

काका असे भडकले की बस! "उभ्या जन्मात एक वेध चुकवला नाही मी. तापात असताना उठून आलोय. तुझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा वाचन केलंय. आणि तू मला शिकवतेस?"

"तुम्ही चुकला नाहीत, बाबा. पेटीही खोटं बोलली नाही. तिनं झाडाच्या सावलीतली हवा सांगितली. पण मामा सावलीत नव्हता."

काका आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात मुठीचा तापमापक होता, खुळखुळ्यासारखा गरगर फिरवायचा. ते कुंपण ओलांडून पलीकडच्या मोकळ्या माळावर गेले, पाठ सूर्याकडे केली आणि आपल्याच अंगाच्या सावलीत तो फिरवू लागले. थांबले. श्वास रोखून वाचलं. पुन्हा फिरवला, पुन्हा वाचलं. परत येऊन माझं दार उघडलं आणि माझा आकडा वाचला. दार लावल्यावरही त्यांनी श्वास सोडला नाही, असं मला वाटलं. मग हळूच म्हणाले, "बाहेर एक्केचाळीस आहे."

हे ऐकून काकू घरात गेल्या आणि कोयता घेऊन आल्या. "मीच लावलं हे. माझ्या हातानं लावलं आणि माझाच भाऊ... तोडा. आत्ताच्या आत्ता तोडा." ज्या माउलीने त्या झाडाला खरकट्या भांड्यांचं पाणी घालून वाढवलं, तीच असं म्हणत होती. मित्रांनो, लाकडाच्या पेटीलाही त्या क्षणी गलबलून आलं.

चिंगीने त्यांच्या हातून कोयता काढून घेतला. "आई, नको. आज झाड तोडलं तर पारा उद्या एकदम उडी मारेल. मग त्यातली उडी झाडाची किती आणि खरी किती, हे जन्मात कळणार नाही. बाबांची सगळी वर्षं वाया जातील. या पेटीला इथेच राहू दे. दुसरी पेटी माळावर बसवू आणि दोघींना एकाच वेळी वाचू. दोघींमध्ये जेवढा फरक, तेवढी झाडाची सावली."

"आणि तोवर?" काकांनी विचारलं.

"तोवर भोंगा माळावरच्या आकड्यावर वाजवायचा. साहेबांशी मी बोलते."

"तू नको," काका म्हणाले. "आकडा माझा होता. मीच जातो."

ते गेले. नेहमीच्या ऐटीत नव्हे, मान खाली घालून गेले, पण गेले. साहेबांनीही आढेवेढे घेतले नाहीत. मुठीच्या तापमापकावर भोंगा वाजू लागला, आणि काही दिवसांत माळावर माझी धाकटी बहीण उभी राहिली. कोरी करकरीत, टकटकीत पांढरी. काका एकीचं दार लावून दुसरीकडे पळायचे. त्या वयात त्यांची तारांबळ बघून काकू म्हणायच्या, "एक सवत पुरत नव्हती, आता दोन झाल्या!"

सगळे ऋतू आम्ही दोघींनी मिळून पाहिले. मग चिंगीने झाडाच्या सावलीचा हिशेब माझ्या जुन्या आकड्यांतून हळूहळू दूर केला, आणि दिसलं की गावाच्या दुपारी वर्षागणिक तापत चालल्या होत्या. आपलं गाव पूर्वीइतकंच तापतं, असं सगळ्यांना वाटत होतं. ते तसं नव्हतंच. झाडाने ते झाकून ठेवलं होतं. तो आलेख घेऊन चिंगी नगरपालिकेच्या सभेत बोलली. ती म्हणाली, भोंगा हे मलम झालं. औषध म्हणजे ते धुराडं. गावच्या बसगाड्या विजेवर आणि शाळा-दवाखान्यांची वीज उन्हापासून करायचं ठरलं आहे. धुराडं बंद कधी करायचं आणि तिथल्या कामगारांना काम कोणतं द्यायचं, यावर अजून भांडणं चालू आहेत. भांडू द्या. गप्प बसण्यापेक्षा ते बरं.

आता माझं दार कुणी उघडत नाही. आकडा धाकटीचा धरला जातो. माझा रंग उडालाय, एक पट्टी निखळलीय आणि पोटात मुंग्यांनी संसार थाटलाय. वाईट वाटतं, नाही असं नाही. पण मित्रांनो, एवढ्या आयुष्यात मी एक गोष्ट शिकले, ती तुम्हाला सांगते. आम्हा मोजणाऱ्या वस्तूंवर प्रेम जरूर करा. आम्हाला रंग द्या, पुसा, आमचे पाय घट्ट ठेवा. पण आम्हाला सुखात ठेवण्यासाठी सावलीत नेऊ नका. आमच्या जागी आम्हाला तापू द्या, आणि आम्ही सांगू तो आकडा कडू असला तरी ऐका. सावली उन्हात राबणाऱ्या माणसाला द्या. ती त्याच्यासाठीच असते.

मी हे सांगते आहे तेव्हा दुपार आहे. थोड्या वेळापूर्वी भोंगा वाजला आणि पलीकडच्या रस्त्यावरचा रोलर थांबला. मामाची टोळी या झाडाखाली येऊन पसरली आहे. मामा माझ्या पायाला डोकं टेकून झोपला आहे, अगदी गाढ. काकू पाण्याची घागर घेऊन आल्या आणि त्याला असं निपचित पडलेलं बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. घागर तिथेच ठेवून त्या खाली बसल्या, त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याला गदागदा हलवलं. "अरे, ऊठ! ऊठ ना रे!"

मामाने एक डोळा उघडला. "झोपू दे ना, ताई," तो म्हणाला. "भोंगा वाजलाय."